भिंतीवरच्या अठ्ठावीस नळ्या

दिनांक ४ फेब्रुवारी १९९१, सोमवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. तेलाच्या टाकीत मी मापाची सळई सोडली, वर ओढली, फडक्याने कोरडी करून पुन्हा सोडली आणि दुसऱ्यांदा आलेला आकडा पहिल्याशी ताडून पाहिला. एकोणीस हजार दोनशे लिटर.

शिडीच्या पायथ्याशी उपाध्ये आप्पा मान वर करून उभे होते. कारखाना त्यांचा, त्यांच्या वडिलांनी काढलेला.

"किती?"

"एकोणीस हजार दोनशे."

"म्हणजे नऊ दिवस."

"काच काढली, तर नऊ दिवस."

"काढली तर म्हणजे? काचेच्या कारखान्यात काच नाही काढायची, तर काय जिलब्या काढायच्या, अष्टेकर?"

मी खाली उतरलो. आप्पांची थट्टा ऐकून हसावे अशी ती सकाळ नव्हती. त्यांनाही ते ठाऊक होते. शनिवारी तेलाच्या डेपोतून फोन आला होता. पुढच्या टँकरची तारीख देता येत नाही, आणि कृपा करून रोज विचारू नका, एवढेच पलीकडचे गृहस्थ बोलले होते. आखातात युद्ध पेटले होते. तेल परदेशातून विकत घ्यायचे, त्याला परकीय चलन लागते, आणि ते देशापाशी थोड्या आठवड्यांपुरतेच उरले आहे, असे वर्तमानपत्रे लिहीत होती. आमचा कारखाना मिरजेच्या पुढे, लोहमार्गालगतच्या एका लहान गावात. कंदिलाच्या काचा आणि लोणच्याच्या बरण्या काढणारा. देशाच्या तिजोरीचा आणि आमच्या बरण्यांचा संबंध एरवी कुणाच्या ध्यानात आला नसता. तो त्या सळईवर तेलाच्या रेघेने उमटला होता.

वाचकांना एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. काचेची भट्टी चुलीसारखी रोज पेटवता-विझवता येत नाही. ती एकदा पेटली की वर्षानुवर्षे चौदाशे अंशांवर जळत राहते. तिच्यावरचा घुमट सिलिका विटांचा असतो, आणि त्या विटांना उष्णतेचे भय नसते. भय असते ते घाईचे. झपाट्याने गार झाल्या की त्या आक्रसतात, तडकतात आणि घुमट खाली येतो. सावकाश, ताशी काही अंशांच्या हिशेबाने उतरवत नेले, तर मात्र घुमट टिकतो.

भट्टीप्रमुख या नात्याने रविवारचा पूर्ण दिवस मी घरी बसून आकडेमोड केली होती. भट्टी सावकाश गार करायला अकरा दिवस आणि आठ हजार लिटर तेल. पुढे कधी तरी ती तितक्याच सावकाश तापवायला बारा दिवस आणि अकरा हजार लिटर. एकूण एकोणीस हजार.

"आणि हाती आहे एकोणीस दोनशे," आप्पा म्हणाले.

"दोनशे लिटर म्हणजे सव्वादोन तास. नऊ-पंचवीसपर्यंत ठरवले पाहिजे. त्यानंतर भट्टी गार करता येईल. पुन्हा पेटवण्याइतके तेल उरणार नाही."

आप्पांनी टोपी काढली, आत पाहिले, पुन्हा घातली. मग त्यांची नजर पलीकडच्या दुसऱ्या टाकीकडे गेली आणि तिथेच राहिली. ती टाकी त्यांच्या वडिलांनी चौऱ्याहत्तर सालच्या तेलटंचाईनंतर शपथ घेऊन बांधली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात 'संकटाची टाकी' असे लिहिले होते, आणि ते अजून वाचता येत होते. सात-आठ वर्षे ती भरलेली राहिली. मग बरे दिवस आले, तेल हवे तेव्हा मिळू लागले, आणि टाकीत पैसा अडकवून ठेवणे वेडेपणाचे वाटू लागले. त्र्याऐंशी साली तिच्या पत्र्याला कापून दार बसवले. तेव्हापासून कारखान्याच्या गणपतीचे मखर, तोरणे आणि दिव्यांच्या माळा तिच्यात ठेवत.

"गणपतीबाप्पा आहेत म्हणा आत," आप्पा म्हणाले. "चला, माणसांना सांगू."

माणसे चहाच्या शेडमध्ये जमली होती. काच फुंकणारे अठ्ठावीस, बांधणी खात्यातल्या बायका, भट्टीवरचे, कच्चा माल भरणारे, सगळे मिळून शंभराच्या वर. पुढे बाकावर दस्तगीर मुजावर बसला होता. फुंकणाऱ्यांतला तो थोरला, पन्नाशीचा. तीस वर्षे फुंकून त्याचे गाल चामड्याच्या जुन्या पिशवीसारखे सैल झाले होते, आणि तेच कारखान्याचे खरे भांडवल आहे असे तो सांगे. त्याच्या शब्दाबाहेर एकही फुंकणारा जात नसे.

"बोला साहेब," तो म्हणाला. "तोंडावरनं वाटतंय, कुणीतरी गेलंय."

"गेले नाही अजून. पण अत्यवस्थ आहे," मी म्हणालो, आणि सगळे आकडे जसेच्या तसे मांडले. मला व्याख्यान देता येत नाही. आकडे सांगता येतात.

 दस्तगीरने एकेक बोट दुमडत हिशेब मांडला.

"तेल हाय. भट्टी हाय. हात हायत. आणि तुमी म्हणताय, हात खिशात घाला."

"हो."

"आठ हजार लिटर भट्टी गार करायला जाळायचं. त्यात एक बरणी निघायची न्हाई."

"एकही नाही."

"अकरा हजार टाकीत निजवायचं. किती दिवस?"

"ते मला सांगता येणार नाही. डेपोतून नियमित तेल देण्याचे पत्र येईपर्यंत."

"आणि आमी?"

आप्पा पुढे आले. "पंधरा दिवसांचा पगार मी आजच देतो. त्यापुढचे वचन देऊन खोटे पडायची माझी इच्छा नाही."

बांधणी खात्यातल्या बायकांची मुकादम हिराबाई माने खांबाला टेकून उभी होती. कंदिलाची काच पेंढ्यात अशी गुंडाळायची की गाडी उलटली तरी तडा जाऊ नये, असा तिचा हात. जीभ मात्र पेंढ्याशिवाय चाले.

"तेलाला पाळण्यात घालताय, साहेब," ती म्हणाली, "आणि आमची लेकरं भुईवर."

मागून कुणीतरी हसले, कुणीतरी शिवी घातली. एकाने ओरडून विचारले, की आधी नऊ दिवस काच काढून नऊ दिवसांची हजेरी आणि मग तो पंधरा दिवसांचा पगार का घेऊ नये, पुढचे पुढे. पाच-पंचवीस माणसांनी त्याला दुजोरा दिला. तो प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. नऊ दिवसांची हजेरी हातात पडणारी होती, आणि मी देत होतो ती एक गार भट्टी.

दस्तगीर उठला. "साहेब, चला. जरा मागं जाऊन येऊ." आणि इतरांना म्हणाला, "च्या संपवा तवर. फुकटचा आजचाच हाय."

कारखान्यामागे, कुंपणाच्या आत, घाणेरीची झुडपे माजली होती. झुडपांखाली विटांचा ढीग होता. चौऱ्याहत्तर साली पडलेल्या घुमटाच्या त्या विटा. तेव्हा मी नोकरीत नवा होतो. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मला जेमतेम दीड वर्ष झाले होते. तेव्हाच्या भट्टीप्रमुखांनी शेवटच्या थेंबापर्यंत काच काढली. तेल संपले, भट्टी दोन दिवसांत गार पडली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दगडांनी भरलेली बैलगाडी उलटावी तसा आवाज झाला. नवी भट्टी उभी राहायला चौदा महिने लागले.

दस्तगीरने पायाने एक वीट उलटी केली. खालून विंचू निघाला आणि शांतपणे दुसऱ्या विटेखाली गेला.

"त्या वक्ताला मी फिरोजाबादला गेलो," तो म्हणाला. "तिथल्या भट्ट्या कोळशावर. तेल असो-नसो, जळतात. चौदा महिन्यांनी घरी आलो, तर धाकटी पोरगी दारातनं आत पळाली आणि आईला म्हणाली, कोन मामा आलाय."

तो हसला. मी हसलो नाही, म्हणून त्याने हसणे आवरले.

"किती आले हुते वो परत? तुमाला आकडे पाठ असत्यात."

"सव्वीस फुंकणाऱ्यांतले नऊ."

"नऊ," तो म्हणाला. "बाकीचे मामाच झाले."

आठ वाजून चाळीस मिनिटे झाली होती. मी घड्याळ पाहिले ते त्याने पाहिले.

"साहेब, तुमचं ऐकतो. पण भरवसा तुमचा न्हाई, आप्पांचा न्हाई, माझा तर मुळीच न्हाई. भूक लागली की अकरा हजार लिटर तेल लई चांगलं दिसतं. टाकीच्या कॉकला दोन कुलपं घाला. एक किल्ली तुमी ठेवा, एक मी. सोन्याच्या भावानं गिऱ्हाईक आलं तरी दोघं असल्याबिगर उघडायचं न्हाई."

"मान्य."

"आप्पांना इचारायला नको?"

"त्यांना मी सांगेन."

"हां," तो म्हणाला. "आज साहेब झालात."

फुंकणाऱ्यांचा एक रिवाज इथे सांगणे आवश्यक आहे. प्रत्येकाची लोखंडी नळी स्वतःची असे, आणि दुसऱ्याच्या नळीला कुणी ओठ लावत नसे. भट्टीघराच्या भिंतीवर रांगेने खुंट्या होत्या. लग्नाला, आजारपणाला, गावाला जाताना माणूस नळी खुंटीला टांगून जाई. मग कितीही दिवस लागोत, ती जागा त्याची. काम सोडणारा मात्र नळी धोतराच्या तुकड्यात गुंडाळून खांद्यावर टाकून नेई, आणि ते पाहून गावाला कळे की हा आता कारखान्याचा राहिला नाही. चौऱ्याहत्तर साली पगार घेऊन सव्वीसच्या सव्वीस माणसे खांद्यावर नळ्या टाकून फाटकाबाहेर पडली होती.

शेडमध्ये परत आल्यावर दस्तगीर थांबला नाही. सरळ भट्टीघरात गेला. आपली नळी पाण्यात बुडवून थंड केली, ओठाकडचे टोक सदऱ्याच्या बाहीने पुसले, मुठीच्या जागेवरचा हिरवा दोरा घट्ट केला आणि पहिल्या खुंटीला नळी टांगली. मग वळून पाहिले.

"बघताय काय? सासरी निघालाय जणू."

एक तरुण फुंकणारा पुढे आला. मग दुसरा. नऊ वाजून अठरा मिनिटांनी अठ्ठाविसावी नळी भिंतीवर गेली. मी भट्टीपाशी जाऊन तेलाच्या ज्योतीचा पहिला कॉक पाव फेरा आवळला.

ते अकरा दिवस मी भट्टीजवळच राहिलो. वितळलेली काच खालच्या तोंडाने काढून टाकली. घुमट आक्रसू लागला, तसे त्याला बांधून धरणारे पोलादी दांडे ठरलेल्या वेळी पाव-पाव फेरा आवळत गेलो. एकही वीट तडकली नाही. बाराव्या दिवशी मी भट्टीच्या भिंतीवर तळहात ठेवला. ती एखाद्या घराच्या भिंतीसारखी गार होती, आणि त्याचे मला मुळीच समाधान वाटले नाही.

एप्रिलच्या मध्यावर आप्पा माझ्या कचेरीत येऊन बसले. 

"एक व्यापारी आलाय. टाकीतल्या तेलाला तिप्पट भाव देतो म्हणतो."

मी लिहिणे थांबवले.

"माझ्या घरात नाही घालायचे मला, अष्टेकर. सगळ्यांना महिन्याचा पगार देता येईल. काल रस्त्यावर हिराबाईने मला नमस्कार केला आणि मलाच मान वर करता आली नाही."

"आणि भट्टी कशाने पेटवायची?"

"तेव्हाचे तेव्हा बघू."

"आप्पा, ही दोन वाक्ये आपल्या वडिलांच्या वेळीही याच क्रमाने बोलली गेली होती."

ते जरा रागावले. "वडिलांचे काय सांगता? सहासष्ट साली त्यांनी बेल्जियमच्या विटा मागवल्या आणि एका रात्रीत रुपया उतरला. विटा दीडपटीहून महाग. तेव्हाही शपथ घेतली, परदेशी वीट आणणार नाही. चौऱ्याहत्तरला टाकीची शपथ. आमच्या घराण्यात शपथांना तोटा नाही हो." मग आवाज खाली आला. "दुसरी किल्ली दस्तगीरकडे ना? मीच विचारतो त्याला."

तासाभराने आप्पा परत आले. चेहऱ्यावर राग नव्हता. हसू दाबल्यासारखे काही होते.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, किल्ली विहिरीत पडली. मी विचारले, कोणत्या विहिरीत? तर म्हणतो, तेल विकायची बुद्धी ज्या विहिरीतनं निघाली, तिच्यातच." आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्याच्या दारात चूल पेटलेली नव्हती, अष्टेकर. अकरा वाजले होते."

मे महिन्यातल्या एका दुपारी दस्तगीर माझ्या घरी आला. कधी येत नसे. माझ्या पत्नीने पन्हे दिले. त्याने ते उभ्यानेच संपवले आणि रुमालाची गाठ सोडून किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"विहीर उपसली वाटतं?" मी विचारले.

"गाळ काढला." तो खाली बसला. "घरात नऊ तोंडं हायत, साहेब. फिरोजाबादचा ठेकेदार येऊन गेला. दोन वर्सांचा करार. म्हणाला, पाच जणांची टोळी आणलीस तर पैसे दुप्पट."

माझ्या मनात पहिल्यांदा आकडाच आला. अठ्ठाविसातून पाच गेले की तेवीस. आणि पाच गेलेले दिसले की बाकीचे तेवीस थांबणार नाहीत.

"कोण कोण?"

"मी एकटा."

"म्हणजे दुप्पट नाही."

"न्हाई. गावात सांगितलंय, इजापूरला बहिणीकडं चाललोय, तिची तब्येत बरी न्हाई."

मी किल्ली उचलली. "नळी केव्हा नेणार? भट्टीघराचे कुलूप मी काढून देतो."

"नळी ऱ्हाऊ द्या."

"दस्तगीरभाई, काम सोडणाऱ्याने नळी न्यायची असते."

"रिवाज मला शिकवू नका," तो प्रथमच जरा तिखट बोलला. "बाजारच्या दिवशी जाळीतनं भट्टीघरात माणसं डोकावतात, ठाऊक हाय नव्हं तुमाला? काय बघत्यात? आपापली नळी? आपली कुठं टांगलीया ते ज्याला त्याला ठाऊक असतंय. पहिल्या खुंटीवर हिरवा दोरा हाय का, ते बघत्यात."

"आणि तिथे तुम्ही फुंकणार कशाने?"

"नवी घेईन. ओठाला सवय व्हायला महिना जाईल." दाराशी गेल्यावर तो वळला. "आणि दुसऱ्याला ती किल्ली देऊ नका. आप्पांना तर न्हाईच. भला माणूस हाय. भल्या माणसाला लवकर पाझर फुटतो."

त्यानंतरचे दोन महिने मी दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, कचेरीच्या खिडकीत बसत असे. रस्त्याकडच्या जाळीशी माणसे थांबत. कुणी सायकल टेकवून, कुणी डोक्यावरची पाटी न उतरवता. क्षणभर आत पाहत आणि निघून जात. कुणी शेतावर रोजाने जात होते, कुणी रस्त्याच्या खडीवर. खांद्यावर नळी घेऊन मात्र कुणी गेले नाही.

एका गुरुवारी हिराबाई सरळ कचेरीत आली.

"दस्तगीरभाईची खबर काय, साहेब? लई दिस झालं इजापुरात."

"नळी भिंतीवर आहे ना?" मी म्हणालो.

"हाय."

"मग झाले."

तिने माझ्याकडे गरजेपेक्षा थोडे जास्त वेळ पाहिले आणि पदर सावरून निघून गेली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरकारने रुपयाची किंमत दोनदा उतरवली. रेडिओवर ती बातमी ऐकताना आप्पा नुसते म्हणाले, "पुन्हा." तीन आठवड्यांच्या आत मात्र डेपोचे पत्र आले: भाव वाढलेला, पण पुरवठा नियमित. बावीस जुलैला मी दोन्ही कुलपे उघडली. सळई टाकून माप घेतले. एक पोहरा तेल कमी नव्हते. हिराबाईने भट्टीला हळदकुंकू वाहिले आणि आप्पांनी पलिता लावला. बारा दिवस घुमट तापत, फुगत गेला आणि मी तेच दांडे पाव-पाव फेरा सैल करत गेलो. तेराव्या दिवशी काच वितळून मधासारखी झाली.

फुंकणाऱ्यांना सोमवार, पाच ऑगस्टचा निरोप धाडला होता. सकाळी सातपासून मी भट्टीघराच्या दाराशी उभा होतो. घुमटाची मला चिंता नव्हती. तो माझ्या डोळ्यांसमोर होता. भिंतीवर अठ्ठावीस नळ्या होत्या, सहा महिन्यांच्या धुळीने एकाच रंगाच्या झालेल्या.

पहिला आला तो फेब्रुवारीत दस्तगीरच्या मागोमाग नळी टांगणारा तरुण. उन्हात खडी फोडून काळा पडला होता. आपली नळी उतरवली, आतून फुंकर मारली. धुळीचा लोट निघाला तसा खोकला आणि स्वतःशीच हसला. मग तिघे एकदम आले. मग एकेक. दहापर्यंत मी सोळा मोजले. आप्पा दर पंधरा मिनिटांनी येऊन "किती?" म्हणत आणि उत्तर ऐकून परत जात.

दुपारी हिराबाई डब्यातली भाकरी हातात घेऊनच आली आणि भिंतीसमोर थांबली. पहिल्या खुंटीवर हिरव्या दोऱ्याची नळी होती.

आता सांगणे भाग होते. "हिराबाई," मी म्हणालो, "दस्तगीर विजापूरला गेलेला नाही. तो—"

"फिरोजाबादला हाय," ती म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितले?" मी विचारले.

"दर महिन्याला त्याच्या बायकोला मनीऑर्डर येती. ती अंगठा उठवती आणि साक्षीला मी असते. फॉर्मवर गावाचं नाव असतंय की, साहेब. पोस्टमन काय मुका हाय?"

"म्हणजे गावात...?"

"समद्यांस्नी ठाऊक हुतं. जूनपासनं."

"तरी तुम्ही सगळे थांबलात? त्या दिवशी कचेरीत मला विचारायला कशाला आलात मग?"

"तुमी काय सांगताय, ते बघायला." हिराबाईने पदराच्या टोकाने त्या नळीवरची धूळ पुसली, मुठीपासून खालपर्यंत, ओठाकडचे टोक तेवढे सोडून. "टोळी घेऊन गेला असता तर दुप्पट मिळत हुतं त्याला. एकटा गेला आनि नळी ठेवून गेला. माणूस उगंच ठेवतो व्हय?"

ती बांधणी खात्याकडे वळली. जाता जाता म्हणाली, "आनि तुमीच म्हणालात की. नळी भिंतीवर हाय ना? मग झालं."

दस्तगीर परत आला नाही. दोन वर्षांचा करार वाढत गेला, पुढे मुलेही तिकडेच गेली. या गोष्टीला आता चौतीस वर्षे झाली. मधल्या काळात तशी आणखी वर्षे येऊन गेली. 'संकटाची टाकी' एकदा भरली गेली आणि बऱ्या दिवसांत पुन्हा रिकामी झाली. कारखाना होता तोवर पहिल्या खुंटीवरची नळी मात्र कुणी हलवली नाही, आणि तिला कुणी ओठ लावला नाही.

त्या सोमवारी पाचचा भोंगा झाला, तेव्हा बांधणी खात्यात नव्या काचेच्या पहिल्या बरण्या पेंढ्यात गुंडाळल्या जात होत्या. आप्पा दाराशी आले. त्यांनी टोपी हातातच धरली होती.

"किती, अष्टेकर?"

भिंतीवर चार नळ्या उरल्या होत्या. तरी मी माणसे पुन्हा एकदा मोजली, आणि दुसऱ्यांदा आलेला आकडा पहिल्याशी ताडून पाहिला.

अठ्ठाविसांपैकी चोवीस.